नवा बेल्ट टाकूनही हायब्रिड गाडी पुन्हा किंचाळतेय? बेल्ट कोण खातंय ते शोधा

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं. दिवा हिरवा होतो, तुम्ही क्लच दाबता आणि बॉनेटखालून 'कुईईई' असा आवाज येतो. जेमतेम अर्धा सेकंद, पण शेजारच्या गाडीतला माणूस वळून बघतो. बेल्ट झिजला असेल म्हणून तुम्ही नवा टाकता. चार-सहा महिने शांततेत जातात आणि मग एका दमट सकाळी तोच आवाज परत.

माझ्या माइल्ड हायब्रिडमध्ये मी असे तीन बेल्ट घातले. पहिला बदलणं रास्तच होतं, त्याचं आयुष्य संपलं होतं. दुसरा माझ्या आळसापायी गेला. तिसऱ्या वेळी बेल्टकडे बघणं सोडून तो ज्या पुल्यांवरून फिरतो त्यांच्याकडे बघायला लागलो, तेव्हा कुठे खरं कारण हाती लागलं. तोवर दोन रविवार, हाताची सालटी आणि घरच्यांची बोलणी, सगळं खर्ची पडलं होतं.

तुमच्या हायब्रिडमध्ये बेल्ट नेमका काय करतो?

हे आधी नक्की करा, कारण 'हायब्रिड' या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळी यंत्रं येतात.

पूर्ण हायब्रिडमध्ये, म्हणजे जी गाडी काही अंतर नुसत्या विजेवर चालते तिच्यात, बेल्टला फारसं काम उरलेलं नसतं. टोयोटा प्रियसच्या पिढ्या पाहिल्या की हे लगेच कळतं. पहिल्या पिढीत एसीचा कॉम्प्रेसर बेल्टवर होता. २००४ च्या मॉडेलपासून आलेल्या दुसऱ्या पिढीत कॉम्प्रेसर विजेवर गेला आणि बेल्टकडे फक्त इंजिनचा वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं द्रव फिरवणारा) राहिला. २०१० च्या मॉडेलमध्ये तो पंपही विजेवर गेला आणि बाहेरचा बेल्ट कायमचा सुटला. त्या इंजिनावर तुम्ही बेल्ट शोधत बसलात तर सापडणारच नाही, आवाज दुसरीकडून येतोय असं समजा.

अशा गाड्यांत एक फसवी गोष्ट असते. अल्टरनेटर नसतो, बारा व्होल्टची बॅटरी मोठ्या बॅटरीवरून डीसी-डीसी कन्व्हर्टरमार्फत चार्ज होते. त्यामुळे बेल्ट तुटला तरी बॅटरीचा लाल दिवा लागत नाही आणि गाडी मजेत चालत राहते. पंप मात्र थांबलेला असतो. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तापमानाचा काटाही नाही, नुसता इशाऱ्याचा दिवा आहे. तो लागेपर्यंत इंजिन तापून गेलेलं असतं. तेव्हा अशा गाडीत बेल्टचा बारीकसा आवाजही हसण्यावारी नेऊ नका.

माइल्ड हायब्रिडची गोष्ट उलटी. तिथे अल्टरनेटरच्या जागी एक यंत्र बसवलेलं असतं, जे जनरेटरही असतं आणि मोटरही. गाडी चालताना इंजिन बेल्टनं त्याला फिरवतं. सिग्नलवरून निघताना तेच यंत्र बेल्टनं इंजिनाला फिरवतं. वेग घेताना थोडा हातभारही लावतं. म्हणजे ओढ दोन्ही बाजूंनी. साध्या गाडीत बेल्टची एक बाजू कायम ताणलेली आणि दुसरी कायम सैल असते, टेन्शनर, म्हणजे बेल्टला ताण देणारा स्प्रिंगचा हात, निवांतपणे सैल बाजूवर बसलेला असतो. इथे प्रत्येक स्टार्टला ताणलेली बाजू सैल होते आणि सैल बाजू ताणली जाते. म्हणूनच अशा बऱ्याच इंजिनांवर दोन हातांचा टेन्शनर असतो. एक हात दाबला गेला की दुसरा सरकून सैलपणा उचलतो.

माझ्या अनुभवात निम्मी चूक इथेच होते. साध्या इंजिनावरचं शहाणपण आपण इथे जसंच्या तसं लावतो. दिसायला सारखा, मापाला सारखा बेल्ट मिळतो म्हणून टाकतो. पण दोन्हीकडून ओढ सोसणाऱ्या बेल्टच्या आतले दोरे वेगळे असतात, काहींत अरॅमिड या अतिमजबूत धाग्याचे. साधा बेल्ट बसतो, चालतो, थोड्याच दिवसांत ताणला जातो आणि पुन्हा किंचाळायला लागतो. जनरेटरवर एकाच दिशेला पकडणारी क्लचवाली पुली घालण्याचा प्रकारही मी ऐकला आहे. कित्येक साध्या गाड्यांच्या अल्टरनेटरवर ती असते, पण माइल्ड हायब्रिडमध्ये ती लावली तर मोटर एकटीच गरगर फिरेल आणि इंजिन जागचं हलणार नाही.

आवाज कसा आहे, ते ऐका

बेल्टचे दोन आवाज आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत. लांब, चिरका किंचाळा, जो भार वाढला की वाढतो: म्हणजे स्टार्टच्या क्षणी, एसी लावताच, हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर एकदम चालू केला की. हा बेल्ट घसरल्याचा आवाज. ताण कमी आहे किंवा खाचांवर काहीतरी बुळबुळीत लागलंय.

दुसरा चिवचिवाट. चिमणीसारखा, तालात, सावकाश चालणाऱ्या इंजिनावर स्पष्ट आणि वेग वाढवला की इंजिनाच्या आवाजात विरून जाणारा. हा बहुधा पुल्या एका रेषेत नसल्याचा.

तिसराही आहे, घरघर किंवा खरखर. तो बेल्टचा नव्हेच, कुठल्यातरी बेअरिंगचा.

माझ्या गाडीत पहिल्या दोन्ही वेळा किंचाळा होता. तिसऱ्या वेळी आधी चिवचिव सुरू झाली आणि महिनाभरानं किंचाळा तिच्यात मिसळला. हा बदल मी ऐकला होता, पण 'बेल्टच असणार' म्हणून सोडून दिला. तिथेच फसलो.

कान पुरेसे नसतील तर पाण्याची परीक्षा घ्या. झाडांवर मारायच्या फवाऱ्यात साधं पाणी भरा, इंजिन चालू ठेवा आणि लांबूनच बेल्टच्या खाचांच्या बाजूवर एक हलका फवारा मारा. जनरेटरवर किंवा त्याच्या कनेक्टरवर पाणी जाता कामा नये. बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, मोकळे केस, सगळं आवरून. चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर पुली तिरकी आहे. आवाज उलट वाढला तर बेल्ट सैल आहे, घसरतोय. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगकडे वळा.

पूर्ण हायब्रिडमध्ये अडचण अशी की इंजिन तुमच्या मर्जीनं चालत नाही. गरम असेल तर 'रेडी'चा (गाडी निघायला तयार असल्याचा) दिवा लागूनही ते गप्पच बसतं. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये यासाठी तपासणीचा एक मोड आहे. ब्रेक न दाबता पॉवर चालू करायची, पार्कमध्ये ॲक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबायचा, न्यूट्रलमध्ये दोनदा, पुन्हा पार्कमध्ये दोनदा, हे सगळं ६० सेकंदांत. मग ब्रेक दाबून गाडी चालू केली की इंजिन सुरू होतं आणि सुरूच राहतं. हे फक्त तपासणीपुरतं. या मोडमध्ये गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

एक गोष्ट मात्र करू नका: बेल्टवर मारायचे चिकट स्प्रे किंवा गंज सोडवायचं तेल. आवाज दोन दिवस बंद होतो, मग त्या चिकट थरात धूळ बसते आणि पॉलिश पेपरसारखी बेल्ट घासत राहते. जो तेल मारून 'झालं काम' म्हणतो, त्याच्याकडून गाडी परत घ्यावी हे बरं.

जुना बेल्ट बोलतो, वाचता आला पाहिजे

भेगा शोधण्याची सवय आपल्याला जुन्या निओप्रीन बेल्टनी लावली. हल्लीचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात आणि ते सहसा तडकत नाहीत, झिजतात. रिबा, म्हणजे बेल्टच्या आतल्या बाजूचे लांब उंचवटे, दिसायला शाबूत, पण दोन रिबांमधली खाच खोल आणि रुंद झालेली असते, आणि पुलीचे दात तिच्या तळाला टेकायला लागतात. मग कडा पकडत नाहीत आणि ओढ सुटते. नुसत्या डोळ्यांनी हे दिसत नाही. झीज मोजायची प्लास्टिकची छोटी पट्टी मिळते, ती खाचेत बसवून बघायची. पट्टी नसेल तर नवा बेल्ट शेजारी धरून दोन्हींच्या खाचांवरून नख फिरवा, फरक बोटाला कळतो.

माझ्या तिन्ही बेल्टची लक्षणं तीन तऱ्हेची होती.

पहिल्याच्या रिबा आरशासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. वय झालेला आणि घसरून घसरून तापलेला बेल्ट असाच दिसतो.

दुसऱ्याच्या खाचांत बारीक खडे रुतलेले आणि एका रिबेला आडवे ओरखडे. याचं कारण लाजिरवाणं आहे. पहिला बेल्ट बदलताना चाकामागचं प्लास्टिकचं आवरण काढलं होतं, आणि परत लावताना दोन क्लिपा तुटल्या म्हणून एक कोपरा तसाच लोंबता सोडला. चाक उडवेल ती सगळी वाळू थेट क्रँक पुलीवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या पुलीवर. क्लिपा चिमूटभर वजनाच्या, पण त्यांनी एक अख्खा बेल्ट खाल्ला.

तिसऱ्याची फक्त एकच कड उसवली होती. इंजिनाच्या बाजूची कड कापलेली, दोरे बाहेर आलेले, बाकी बेल्ट जवळजवळ नवा. एकच कड झिजली की कुठली तरी पुली रेषेबाहेर आहे हे नक्की समजायचं.

आणखी दोन खुणा बघून ठेवा. बेल्ट एखाद्या ठिकाणी फुगलेला, मऊ लागत असेल तर वरून तेल गळतंय. ईपीडीएमला तेल सोसत नाही. वॉटर पंपाच्या खाली पांढरट, गुलाबी किंवा हिरवट खपली दिसली तर कूलंट (तेच थंड ठेवणारं द्रव) झिरपतंय, आणि ते बेल्टवर उडालं की नवा बेल्टही पहिल्या दिवसापासून ओरडतो. गळती थांबवल्याशिवाय बेल्ट बदलणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी भरणं.

माझ्या गाडीतला चोर

बेल्ट काढल्यावर एकेक पुली हातानं फिरवली. आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी पुली) गप्प, पंप गप्प, जनरेटर मऊ फिरत होता. टेन्शनरचे दोन्ही हात झटके न देता हलत होते, वर-खाली डुलत नव्हते. टेन्शनरवरचा ताण दाखवणारा काटा खुणेच्या मर्यादेत. सगळं ठाकठीक, आणि तरीही कड उसवलेली.

मग लोखंडी पट्टी क्रँक पुलीच्या तोंडावर सपाट टेकवून शेजारच्या पुलीपर्यंत नेली. साधारण ३०० मिलिमीटर अंतरात दीड मिलिमीटरपर्यंतचा फरक चालून जातो. माझ्याकडे बाहेरची कडी त्याच्या दुपटीनं पुढे आलेली होती.

क्रँक पुली एकसंध वाटते, तशी नसते. मधला गाभा क्रँकला बोल्टनं घट्ट, बाहेर बेल्टची कडी, आणि दोन्हींच्या मध्ये रबराचा थर. इंजिनचे धक्के शोषायला. साध्या गाडीत हे रबर वर्षानुवर्षं टिकतं. माइल्ड हायब्रिडमध्ये प्रत्येक सिग्नलला मोटर बाहेरच्या कडीला झटका देते आणि रबरातून तो गाभ्यापर्यंत जातो, मग इंजिन पेटलं की झटका उलटा. काही गाड्यांत म्हणूनच या पुलीत रबराबरोबर स्प्रिंगांची जुळणी असते. माझ्यातलं रबर एका बाजूनं सुटलं होतं आणि कडी हळूहळू बाहेर सरकत होती.

खात्री करायला मी एक युक्ती केली, आणि या लेखातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल. पांढऱ्या पेंटनं गाभ्यापासून रबरावरून बाहेरच्या कडीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. जुनाच बेल्ट परत चढवला, आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवली. मग चाक काढून पाहिलं तर रेघ तुटलेली: गाभ्यावरचा तुकडा एकीकडे, कडीवरचा जवळजवळ एक चतुर्थांश फेरी पुढे. कडी गाभ्यावर घसरत होती. तो किंचाळाही बेल्टचा कमी आणि त्या रबराचा जास्त असावा, असं मला आता वाटतं.

पुली मी स्वतः बदलली नाही. तिचा बोल्ट भयंकर घट्ट असतो, कोनात मोजून आवळावा लागतो, बऱ्याच इंजिनांवर तो एकदाच वापरायचा असतो, आणि क्रँक धरून ठेवायला खास हत्यार लागतं. स्टार्टरच्या झटक्यानं तो सोडवायचा 'जुगाड' हायब्रिडवर तर मुळीच करायचा नाही. तेवढं काम मेकॅनिककडे दिलं, बेल्ट मात्र स्वतःच घातला.

बेल्ट बदलताना

सगळ्यात मोठा धोका हा की हायब्रिडचं इंजिन गप्प आहे म्हणजे ते बंद आहे असं नव्हे. रेडी चालू असलेली किंवा ऑटो-स्टॉपमध्ये (इंजिन आपोआप बंद होऊन) थांबलेली गाडी कुठल्याही क्षणी जागी होऊ शकते, आणि तुमची बोटं तेव्हा बेल्ट आणि पुलीच्या मध्ये असतील. बॉनेट उघडलं की बऱ्याच गाड्या ऑटो-स्टॉप बंद करतात, पण त्या स्विचच्या भरवशावर राहू नका. पॉवर पूर्ण बंद करा. स्मार्ट की खिशात ठेवून काम करू नका, घरात लांब ठेवून या. बारा व्होल्टच्या बॅटरीची ऋण तार सोडवा. नारिंगी आवरणाच्या तारा दिसल्या तर तो उच्च दाब आहे. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये बॅटरीच सुमारे २०० व्होल्टची आणि मोटरकडे जाणारा दाब ५०० पर्यंत. बेल्टसाठी त्या तारांना हात लावायची गरज पडत नाही, तेव्हा लावूच नका. ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडमध्ये धक्का बसायचा धोका कमी, पण पाना चुकून टर्मिनलवर पडला तर ठिणगी मोठी उडते. मॅन्युअलमध्ये ती बॅटरी वेगळी करायला सांगितली असेल तर तेही करा.

पुढचं काम आडव्या इंजिनाच्या गाडीत बहुधा पुढचं चाक काढून, आतलं आवरण सोडवून होतं. गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर टेकलेली असू द्या. बेल्ट काढायच्या आधी त्याच्या वाटेचा फोटो काढा, दोन कोनांतून. आठवणीवर विसंबू नका, दोन हातांच्या टेन्शनरभोवती बेल्ट असा काही वळसा घेतो की पंधरा मिनिटांनी आपणच आपल्याला विचारतो, हा खालून आला होता की वरून?

टेन्शनर पान्यानं हळूहळू फिरवा आणि भोकात पिन घालून अडकवा. झटक्यानं सोडू नका, त्याचा स्प्रिंग बोट मोडू शकतो. ज्या इंजिनावर स्वयंचलित टेन्शनर नाही तिथे आयडलरचा बोल्ट सैल करून ताण सोडायचा असतो आणि शेवटी मॅन्युअलमधल्या मापानं आवळायचा असतो. अंगठ्यानं दाबून 'बास, एवढं पुरे' म्हणणं इथे चालत नाही. जास्त घट्ट झाला तर पंपाचं बेअरिंग जातं.

जुना बेल्ट निघाला की वर सांगितलेली सगळी तपासणी आत्ता, या क्षणी. खाचा नायलॉनच्या ब्रशनं आणि ब्रेक क्लीनरनं साफ करा, कापडानं पुसा, वाळू द्या. नव्या बेल्टवर छापलेला क्रमांक जुन्याशी ताडून बघा. समजा ६पीके१२०० असं लिहिलंय, तर सहा रिबा, पीके हा आकार आणि १२०० मिलिमीटर लांबी. पाच-दहा मिलिमीटरचा फरक 'चालतो' असं कुणी म्हणालं तरी टेन्शनरचा काटा लगेच सांगतो की चालत नाही.

चढवताना गुळगुळीत पुली शेवटी ठेवा, तिच्यावरून बेल्ट सहज सरकतो. मग प्रत्येक पुलीवर आरसा धरून बघा. एक रिब खाचेबाहेर राहिली तरी वरून काही कळत नाही, आणि तेवढ्या चुकीनं नवा कोरा बेल्ट पहिल्याच फेरीत फाटू शकतो. हे माझं नाही, पण एका मित्राच्या गाडीत डोळ्यांनी पाहिलंय. पिन काढा, टेन्शनर हळू सोडा, आणि क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनं हातानं दोन फेऱ्या फिरवा. बेल्ट एका बाजूला सरकतोय का ते बघा. हत्यारं मोजून बाहेर काढा. मग बॅटरी.

बॅटरी जोडल्यावर पहिले काही दिवस ऑटो-स्टॉप चाललं नाही तर घाबरू नका, बॅटरीची स्थिती पुन्हा ओळखायला गाडीला वेळ लागतो. काचांचं आपोआप बंद होणं, घड्याळ, रेडिओ वगैरे पुन्हा बसवावं लागेल.

आवाज पहिल्याच दिवशी आला तर लांबीत, वाटेत किंवा रिब बसवण्यात चूक आहे. दोन-तीन आठवड्यांनी आला तर बहुधा गळती. काही महिन्यांनी आला तर टेन्शनर, पुलीची रेषा किंवा क्रँकचं रबर, आणि तेव्हा चौथा बेल्ट आणायच्या आधी पांढरा पेंट आणा.

माझ्या गाडीत चौथा बेल्ट अजून शांत आहे. नव्या पुलीवरही मी तशीच पांढरी रेघ ओढून ठेवली आहे आणि आवरणाच्या सगळ्या क्लिपा नव्या आहेत. टायर बदलायला चाक निघालं की आधी खाली वाकून तीच रेघ बघतो.